एका फोनवरचे दोन पेशंट

अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, डायलिसिस विभागाच्या खिडकीवर, माझी मोठी बहीण एकोणीस वर्षं बसली. आता ती तिथे बसत नाही, आणि त्याला कारण मी आहे. ही गोष्ट मी एकदा लेखी कबूल केली होती, पण तेव्हाही पुरती केली नाही. म्हणून पुन्हा लिहायला बसलो आहे.

आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर अकोल्याचं, मी राहतो अमरावतीला, मधे दोन-अडीच तासांचा रस्ता. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "काय करून राह्यला?" मी काहीही करत असलो तरी "काही नाही" म्हणायचो, आणि मग ती अर्धा तास बोलायची. शेजारणीचं, भाऊजींच्या गुडघ्यांचं, खिडकीवर आलेल्या माणसांचं.

मी सॉफ्टवेअरचा धंदा करतो. एका जिन्यावरच्या दोन खोल्या, एक भागीदार, पाच-सहा जण कामाला. दवाखान्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो : पेशंटची नोंद, त्याची वेळ, रिपोर्ट, आठवणीचे मेसेज. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाईचाच दवाखाना. बारा वर्षांपूर्वी तिने तिथल्या सचिवांकडे शब्द टाकला होता. "माहा भाऊ हाय म्हनून नाई सांगत, पन चुकलं त मी त्याचा कान धरीन," असं ती म्हणाली होती, हे सचिवांनीच मला नंतर हसत सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडायचं ठरवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एजंट म्हणजे माणसासारखा बोलणारा एक प्रोग्राम. पेशंटच्या घरून फोन आला की तो ऐकतो, काय हवं ते समजून घेतो, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधली कामं स्वतः करतो. वेळ शोधणं, वेळ बदलणं, नोंद दुरुस्त करणं. यातल्या प्रत्येक कामाला आम्ही टूल म्हणतो. पण एजंटला स्क्रीन दिसत नाही, खिडकीपुढचा माणूसही दिसत नाही. प्रत्येक टूलसोबत चार-सहा ओळींचं एक वर्णन असतं, तेवढंच तो वाचतो. हे टूल काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा अजिबात वापरायचं नाही, वापरल्यावर काय परत फिरवता येत नाही. हे लिहायचं काम माझं होतं.

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. त्या कुणी वाचत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. माणसं दोन बटणं दाबून बघतात, अडलं की शेजारच्याला विचारतात. त्यामुळे लिहिण्यात एक ढिलेपणा येतो. एजंट तसा नाही. तो दर वेळी, प्रत्येक शब्द वाचतो, आणि लिहिलेलं सगळं खरं धरून चालतो. त्याला शेजार नाही. इतका विश्वासाने वाचणारा वाचक मला आयुष्यात मिळाला नव्हता.

अशा वाचकासाठी कसं लिहायचं हे मला बाईने फार पूर्वी दाखवलं होतं, तिच्या नकळत. आमची आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे अमरावतीला होती. बाई महिन्यातून एकदा यायची आणि जाताना स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवून जायची. माझ्यासाठी, माझ्या बायकोसाठी, आणि कामाला येणाऱ्या मावशींसाठी. त्यातली एक मला शब्दन्‌शब्द पाठ आहे : "सकाळची गोळी पांढरी. अख्खी, अर्धी नाही. आई घेतली म्हणेल. ऐकायचं नाही, पाकीट पाहायचं. पाकिटात कमी असली तर दुसरी द्यायची नाही, मग मला फोन." त्या चार ओळींत सगळं होतं. काय करायचं, कुठे फसाल, फसलात तर काय करू नका, अडलं तर कुणाला विचारा. पुढे टूलची वर्णनं कशी लिहावीत यावरचं बरंच काही मी वाचलं. या चिठ्ठीपेक्षा फार जास्त त्यात नव्हतं.

म्हणून वर्णनं लिहायच्या आधी मी तीन दिवस अकोल्याला जाऊन तिच्या खिडकीशी बसलो. डायरी घेऊन.

खिडकीला लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. आत एक कॉम्प्युटर, आणि त्याच्या बाजूला बाईची स्वतःची दोनशे पानी वही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे मावत नव्हतं ते सगळं त्या वहीत होतं. "हा नंबर किराणा दुकानाचा, दहाच्या आत लावायचा." "हा पोराचा. पोरगा निरोप देत नाही, काकूले लावायचा." मी उतरवून घेऊ लागलो तसा तिला हसू फुटलं.

"काय लिवून राह्यला रे इतकं? माही कुंडली मांडतं का?"

"एजंटला हे सगळं सांगावं लागेल ना."

"त्याले दिसते का, मानूस दारातून कसा येऊन राह्यला ते?"

"नाही. त्याला फक्त ऐकू येतं. आणि मी लिहिलेलं वाचता येतं."

"म्हंजे चेहरा सुजला हाय, चप्पल पायात मावून नाई राह्यली, हे त्याले कोन सांगन?"

"ते तो विचारेल."

"इचारलं त लोकं बरं हाय म्हनतेत, बापा," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

तो पुढचा माणूस मला नीट आठवतो, कारण ही सगळी गोष्ट त्याच्या घराची आहे. अकोटच्या पलीकडच्या एका गावाचा, पन्नाशीचा, डोक्याला पंचा बांधलेला. तो सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणी खारट, पिढ्यान्‌पिढ्या तेच पोटात गेलेलं, आणि किडनीचा आजार तिथे घरोघरी ओळखीचा. या माणसाच्या घरी दोघींना डायलिसिस लागत होतं. त्याची बायको आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे दोघी सख्ख्या जावा. घरात फोन एकच, या माणसाचा.

"बाई, दोघी एकाच दिवशी घ्या ना," तो जाळीतून म्हणाला. "एसटीचा एक फेरा वाचन."

"मशीन मोकळी पाह्यजे ना, भाऊ. एक सोमवार-गुरुवार, एक मंगळवार-शुक्रवार. तुमी आता एसटीतच बिऱ्हाड करा."

"केल्यासारखंच हाय. कंडक्टर आता पेशंट कशी हाय इचारते, मंग तिकीट फाडते."

"तिकीट फाडते ना? मंग कायचा तुमचा सोयरा!"

तो हसत गेला. बाईने त्याच्या दोन्ही फाइली सरळ केल्या आणि माझ्या डायरीवर बोट ठेवलं. आवाज एकदम कामाचा झाला.

"हे लिव. नंबर पाहून पेशंट एक करू नको. तुह्या कॉम्प्युटरवर ते दुबार नोंद जोडाचं बटन हाय ना, ते मी कधीच दाबत नाई. या भागात एका घरात दोन पेशंट असतेत अन् फोन एकच असते. आडनाव एकच, गाव एक. बाहेरच्याले वाटन चुकून दोनदा लिवलं. दोन्ही मानसं समोर पाह्यल्याबिगर जोडाचं नाई. लिवलं?"

मी लिहिलं. जसंच्या तसं, तिच्या बोलीत. ते पान माझ्याकडे आहे. वर तारीख आहे, खाली मी दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे हे महत्त्वाचं आहे, एवढं मला तेव्हा कळलं होतं.

अमरावतीला परत आल्यावर मी वर्णनं लिहायला घेतली. एकूण एकवीस टूल होती. वीस टूलची वर्णनं चांगली झाली, अजूनही चालू आहेत. एकविसावं होतं दुबार नोंदी जोडण्याचं.

त्याच्या वर्णनात मी आधी बाईची सगळी ओळ घातली होती, प्रमाण मराठीत करून. भागीदाराने वाचलं आणि म्हणाला, "हे फार लांबलं. आणि एका घरात दोन पेशंट, एकच फोन, हे काय? आपल्यात पैसे गुंतवणार आहेत त्या पुण्याच्या लोकांना दाखवायचं आहे. त्यांना वाटेल आपली यंत्रणा माणूसच ओळखू शकत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. आमची यंत्रणा खरोखरच माणूस ओळखू शकत नव्हती. बारा वर्षांपूर्वी ती बनवताना पेशंटची ओळख म्हणून मोबाइल नंबर धरायचा, हे मी ठरवलं होतं. तेव्हा ते सोपं वाटलं. पुढे बदलायला हवं होतं, बदललं नाही, कारण बाई खिडकीवर होती. यंत्रणेतलं भोक ती एका वहीने बुजवत होती आणि मला त्याचा त्रास कधी झालाच नाही. आता तिची ओळ वर्णनात ठेवायची म्हणजे ते भोक माझ्याच हाताने लिहून दाखवायचं.

मी ओळ काढली. भागीदाराने काढायला सांगितली असं मी म्हणू शकलो असतो, पण त्याने फक्त लांबी कमी करायला सांगितलं होतं. काय कमी करायचं ते मी ठरवलं. उरलं ते असं : "एकाच रुग्णाच्या दुबार नोंदी एकत्र करण्यासाठी. मोबाइल क्रमांक, आडनाव आणि गाव जुळल्यास वापरावे." दोन स्वच्छ वाक्यं. ती वाचून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

आणखी एक गोष्ट मी केली. एजंटला स्वतःचा वेगळा लॉगिन द्यायला हवा होता, म्हणजे नोंदीत कुठलं काम माणसाने केलं आणि कुठलं एजंटने, ते दिसतं. त्याला आठवडाभराचं काम लागणार होतं. मी त्याला खिडकीचाच लॉगिन दिला. बाईचा. तात्पुरता, असं मनाशी म्हणालो.

एजंट सुरू झाला. लोकांना आवडला. वऱ्हाडी बोललं तरी त्याला समजायचं. दोन महिन्यांत खिडकीवरची गर्दी ओसरली आणि ट्रस्टने बाईला सकाळच्या वेळी फाइलींच्या खोलीत बसवलं. सकाळी खिडकीशी एजंटने काढलेली छापील यादी घेऊन वॉचमन उभा राहू लागला. बाईने रविवारी फोनवर मला सांगितलं, "बरं हाय. बसाले पंखा हाय तिथं." मी म्हणालो, "बघ, तुझा त्रास कमी झाला."

मग एके दिवशी त्या अकोटकडच्या माणसाने एजंटला फोन केला. त्याची तक्रार साधी होती. मला आठवणीचे दोन दोन मेसेज येऊन राहिलेत, गोंधळ होतो, एक बंद करा. एजंटने पाहिलं. एका नंबरवर दोन नोंदी. आडनाव तेच. गाव तेच. दोघींची पहिली नावं एकाच अक्षरापासून सुरू होणारी, आणि थोरलीच्या जुन्या नोंदीत नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी. त्याने माझं वर्णन वाचलं. तिन्ही गोष्टी जुळत होत्या. त्याने नोंदी जोडल्या आणि माणसाला नम्रपणे सांगितलं की यापुढे एकच मेसेज येईल. माणसाने आभार मानले. ते संभाषण मी नंतर कितीतरी वेळा ऐकलं. त्यात एजंटची काही चूक मला सापडली नाही. मी सांगितलं तसं त्याने केलं.

जोडलेल्या नोंदीत थोरलीची वेळ राहिली, धाकटीची गेली. धाकटी मंगळवारी आली, तेव्हा वॉचमनच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. वॉचमन म्हणाला, तारीख बदलली असेल, मेसेज येईल. ही माणसं खिडकीशी भांडणारी नव्हेत. एवढ्या दुरून आलेली, तशीच परत फिरली आणि मेसेजची वाट पाहत राहिली. शुक्रवारही गेला. रविवारी तिला श्वास घेता येईना, छातीत पाणी झालं होतं. गाडी करून तिला आणलं आणि सरळ अतिदक्षता विभागात नेलं.

ती वाचली. अकरा दिवसांनी घरी गेली. पण आधी एकटी एसटी चढणारी ती आता दोघांनी धरल्याशिवाय पायरी चढत नाही.

रविवारी रात्रीच सचिवांचा फोन आला आणि नोंदी उघडून पाहिल्यावर काय झालं ते मला कळलं. सोमवारी मी अकोल्याला पोचलो तेव्हा बाई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्या माणसाशेजारी बसली होती. तो डोक्याचा पंचा हातात घेऊन पिळत होता.

"माहीच चूक, बाई," तो म्हणत होता. "मीच म्हनलं एक मेसेज बंद करा. मले काय माहीत, त्यासंगं मानूसच बंद होते."

"तुमची नाई, भाऊ," बाई म्हणाली. "तुमी काय चुकले? कोनाले दोन मेसेज पाह्यजे असतेत?"

तिने वर पाहिलं तेव्हा मी समोर उभा होतो. "चहा पेला का?" तिने विचारलं. तिला अजून काही माहीत नव्हतं.

बुधवारी सचिवांच्या खोलीत बैठक झाली. सचिव, विभागाचे डॉक्टर, बाई आणि मी. संगणकातली नोंद छापून टेबलावर ठेवली होती. नोंदी जोडल्याची वेळ, आणि समोर करणाऱ्याच्या रकान्यात खिडकीचा लॉगिन. डॉक्टरांनी मला विचारलं, "ही यंत्रणेची चूक की काउंटरची?"

मी म्हणालो, "नोंद काउंटरच्या लॉगिनची आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. त्याच्या पुढचं वाक्य मला बोलायचं होतं : तो लॉगिन एजंट वापरतो, आणि असं करायला त्याला मी लिहून दिलं होतं. मी ते बोललो नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याची माणसं येणार होती. पण खरं सांगायचं तर तेव्हा पुणं डोक्यात नव्हतं. मला भीती वाटली, एवढंच. शाळेत फळ्यापुढे उभं राहिल्यावर वाटायची तशी.

बाई म्हणाली, "मी ते बटन कधीच दाबत नाई, साहेब."

"मग कोणी दाबलं, ताई? तुमचंच नाव आहे इथे," सचिव म्हणाले. रागाने नाही, थकून.

तिने माझ्याकडे पाहिलं. ती मूर्ख नाही. तीन दिवस मी तिच्याशेजारी बसून लिहिलं होतं, आणि एजंट कुणाच्या नावाने आत जातो हे तिला त्या क्षणी कळलं असणार. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून ती थांबली. खोलीतल्या पंख्याला एक घुर्र आवाज होता, तो मी ऐकत राहिलो. मग तिने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगीच थोडा सरकवला आणि म्हणाली, "झालं असन माह्याकडून. घाईत."

त्या आठवड्यात माझी चूक दोन माणसांनी आपल्या अंगावर घेतली. एक त्या घरचा माणूस, आणि दुसरी माझी बहीण.

बाहेर आल्यावर ती रिक्षापर्यंत माझ्यासोबत चालली. दुपारचा एक वाजला होता. अकोल्याला आलो आणि बाईने "जेवून जा" म्हटलं नाही, असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नव्हतं. ती म्हणाली, "नीट जाजो." मी रिक्षात बसलो. तिने पदराने चष्मा पुसला आणि दवाखान्याकडे वळली.

महिन्याच्या शेवटी तिने काम सोडलं. ट्रस्टने काढलं नाही. पण खिडकीशी येणारी माणसं आता तिला विचारू लागली होती, "बाई, आमचं नाव हाय ना? नाई, त्या दिवशी तसं झालं म्हनून." एकोणीस वर्षं तिने सांगितलेलं नाव लोकांनी तपासलं नव्हतं. हे मला भाऊजींनी सांगितलं. तिने सांगितलं नाही. तिचे रविवारचे फोन बंद झाले होते.

मी काम मात्र भराभर केलं. तेही सांगायला हवं, कारण त्यात माझी लाज आहे. बैठकीनंतर आठ दिवसांत एजंटला वेगळा लॉगिन दिला. जोडलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करता येतील अशी सोय केली. पेशंटची ओळख मोबाइल नंबरवरून काढून टाकली. आणि वर्णनात बाईची ओळ परत घातली. बारा वर्षं जे जमलं नव्हतं ते सगळं आठ दिवसांत जमलं. बाईचं नाव साफ करायचं तेवढं राहिलं.

त्याला सात महिने लागले. हिवाळ्यात मी सचिवांना एक पानी पत्र लिहिलं : "त्या घटनेत काउंटरचा दोष नव्हता. एजंटला काउंटरचा लॉगिन मी दिला होता. टूलचं वर्णन अपुरं होतं, ते मी लिहिलं होतं." सचिवांनी वाचलं, म्हणाले, "आता कशाला? मिटलं ते," आणि फाइलला लावलं. त्याची एक प्रत घेऊन मी बाईकडे गेलो. जाताना वाटत होतं की आता सुटेन.

ती अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भाऊजी खाटेवर पेपर वाचत होते. मी कागद पुढे केला. तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि दोनदा वाचलं. नोंद तपासताना वाचायची तसं, बोट ठेवून.

"अपुरं होतं म्हंजे?"

"म्हणजे त्यात काही गोष्टी राहून गेल्या होत्या."

"राहून गेल्या, का काढल्या?"

तिने कागदावरचं बोट त्या शब्दावरच ठेवलं.

"म्या तुले सांगतलं होतं का नाई? त्या भाऊचं नाव घेऊन, समोर बसवून?"

"सांगितलं होतं."

"लिवून घेतलं होतं?"

"हो."

"ते यात कोठी हाय?"

भाऊजींनी पेपर खाली घेतला. बाईचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी नाई चुकली, हे त्याईले आता समजलं असन. ठीक हाय. पन मले मालूम होतं, हे कोनाले मालूम हाय? ते खिडकीवरचं एक बटन मी बारा वर्सं दाबलं नाई, ते काय उगीच? तुवा माहा दोष काढून टाकला, बाबू. अन् माहं शानपनही काढून टाकलं, दुसऱ्यांदा."

तिने कागदाची घडी केली, होती तशीच, आणि माझ्या हातात दिली. मग पुन्हा शेंगा सोलायला लागली. भाऊजी म्हणाले, "जेवून जा, बाबू." मी दीड वाजेपर्यंत बसलो, बाई म्हणेल म्हणून. मग गाडीची वेळ झाली असं सांगून उठलो. गाड्या तर दर अर्ध्या तासाला असतात. हे तिलाही माहीत होतं.

त्या टूलच्या वर्णनात आता तिची ओळ आहे. विदर्भातल्या आणखी काही दवाखान्यांत ते चालतं. दर वेळी एजंट दोन सारख्या नोंदी पाहतो, ती ओळ वाचतो आणि थांबतो, घरी विचारतो, दोन माणसं आहेत की एक. अशी किती घरं असतील ते मी मोजलेलं नाही. ओळीच्या शेवटी मी एक वाक्य वाढवलं आहे : "ही सूचना खिडकीवर एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईंची आहे." भागीदाराने विचारलं, "एजंटला याचा काय उपयोग?" मी म्हणालो, "काहीच नाही." त्याने ते वाक्य राहू दिलं.

गेल्या आठवड्यात मी सचिवांना दुसरं पत्र नेऊन दिलं. त्यात तिचं बोलणं तिच्याच शब्दांत आहे, डायरीतल्या पानाची प्रत जोडलेली आहे, आणि ते मी का काढलं हेही आहे. ते खिडकीशेजारच्या फळ्यावर लावा अशी विनंती केली. सचिव म्हणाले, पाहू.

काल रविवार होता. दहा वाजता मीच फोन लावला. भाऊजींनी उचलला.

"बाई आहे का?"

"हाय ना. तुरी पाखडून राह्यली."

"तिला सांगा, ती ओळ लिहिली. सगळी. फळ्यावर लावायला सांगितली."

भाऊजींनी फोन हातात धरूनच अंगणाकडे तोंड करून ओरडून सांगितलं. शब्द मला स्पष्ट ऐकू आले, म्हणजे तिलाही आले असणार. फोनमध्ये सुपाचा आवाज येत होता, एका लयीत. मी कान देऊन ऐकत राहिलो. तो थांबला नाही.